रिगचे पाऊल आणि शेजारचा पाइल

आमच्या आदिलाबादला समुद्र नाही; आम्हांला पैनगंगेचेच पाणी ठाऊक. तरीही समुद्रतळाच्या एका प्रश्नावर लिहिण्याचे धाडस करतो आहे, कारण तो मला आमच्याच शेतात उमगला. भर पावसात काळ्या रेगडीत गाडीचे चाक कुंपणाच्या डांबाजवळ रुतले. चाक डांबाला लागलेसुद्धा नव्हते, पण डांब कलला. चाक उपसले, खड्डा चिखलाने भरला आणि डांब आणखीच सैल झाला.

१९७४ साली ‘सागर सम्राट’ या रिगने मुंबई हायचे तेल शोधले. १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. तेथे पाणी सुमारे ७५ मीटर खोल. अशी रिग पाय तळाला टेकवून स्वतःला पाण्याबाहेर उचलून धरते. प्रत्येक पायाखाली पोलादी पाऊल असते, त्याचा व्यास बहुधा दहा-पंधरा मीटर. टाक्यांत समुद्राचे पाणी भरून वजन वाढवतात आणि पाऊल मुद्दाम रुतवून घेतात. पुढे वादळात ते अवचित खचू नये म्हणून. मऊ चिकणमातीत ते कित्येक मीटर खाली जाते. तेथली माती जाणार कोठे? ती बाजूला सरते आणि शेजारच्या प्लॅटफॉर्मच्या पाइलला आडवी रेटते. पाइल उभा भार सहज पेलतो, आडव्या रेट्याने मात्र वाकतो. रिग गेल्यावर मागे खड्डा आणि खिळखिळी माती उरते. आणि लाटांच्या माऱ्यात पाइलला आधार हवा असतो तो नेमका याच वरच्या थराचा! पुढची रिग आली की तिचे पाऊल जुन्या खड्ड्याकडे घसरते, ते वेगळेच.

पाऊल व पाइल यांत पावलाच्या एका व्यासापेक्षा कमी अंतर असेल तर पाइल तपासावा, असा संकेत आहे. मला तो अपुरा वाटतो. विहिरींच्या कामासाठी रिगला प्लॅटफॉर्मला खेटूनच उभे राहावे लागते. मग पाया आखतानाच तिची जागा का ठरवू नये? प्रत्येक पावलाचा नकाशा प्लॅटफॉर्म असेतोवर का जपू नये? पाइल ठोकणारे एक, रिग उभी करणारे दुसरे. मधली माती बेवारशी.

आमच्या पुस्तकातील आकृत्यांतही पाइलभोवतीची माती कधी हलत नाही. प्राध्यापकांनी रागावू नये, पण एकदा परीक्षेत पाइलशेजारी रिग उभी करून गणित घालावे. मी त्यात नापास झालो तरी हरकत नाही.