ईसीएम बदला, पण आधी वायर बघा

टोमॅटोच्या हंगामात पिंपळगाव बसवंतला पिकअपच्या रांगा लागतात. गिरणारे, दिंडोरी, चांदवडकडून क्रेट भरून निघालेली गाडी अशा वेळी वाटेत बंद पडली, की मालकाच्या तोंडचं पाणी पळतं. माल नाशवंत, भाव घटकेत वर तर घटकेत खाली. त्यात गॅरेजवाला स्कॅनर लावून सांगतो, ‘भाऊ, ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर गेला.’ घाईच्या वेळी कोण वाद घालणार? पाच आकडी बिल होतं. गाडी चार दिवस बरी चालते आणि पुन्हा तशीच बंद पडते. मग कळतं, की दोष अर्थिंगच्या गंजलेल्या पट्टीत होता. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!

म्हणून पिकअपवाल्या सगळ्या भावांना विनंती आहे: ईसीएमला करंट नीट मिळतोय, अर्थिंग चांगलं आहे आणि वायरिंग शाबूत आहे, हे मीटर लावून डोळ्यांसमोर दाखवल्याशिवाय नव्या ईसीएमला होकार देऊ नका.

जुन्या डिझेल गाडीत किती डिझेल सोडायचं हे पंप ठरवायचा. 1 एप्रिल 2017 पासून देशभर बीएस-4 आणि 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झालं, तसा तो कारभार पुरता ईसीएमच्या हातात गेला. सातपूरला बॉशच्या कारखान्यात डिझेलचे इंजेक्टर बनतात, हे नाशिककरांना सांगायला नको. त्या इंजेक्टरला कधी उघडायचं आणि किती वेळ उघडं राहायचं, हा हुकूम ईसीएम देतो. हुकूम सुटला नाही तर गाडी हलत नाही, हे खरं. पण ईसीएम ही बंद पेटी आहे, तिच्यात झिजणारा, फिरणारा भाग नाही. उष्णता, हादरे, पाणी आणि उंदीर हे सगळं सोसतात त्या बाहेरच्या वायरी आणि कनेक्टर. त्यामुळे शोध बाहेरून आत घ्यायचा.

सुरुवात बॅटरीपासून करा. गाडी बंद असताना चांगली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना आकडा 9.6 च्या खाली जात असेल, तर आधी बॅटरीचा निकाल लावा. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.5 च्या दरम्यान हवा. तो 15 च्या वर जात असेल तर अल्टरनेटर बघा, नाहीतर नवा ईसीएमही जळेल.

मग अर्थिंग. मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसला, लाल पिन इंजिनच्या ब्लॉकला लावा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत राहिला पाहिजे. जास्त आला तर पट्टी काढा, दोन्ही टोकं पॉलिश पेपरने घासा, बोल्ट कसा. खर्च जवळपास शून्य.

पुढे चावी फिरवा आणि इंजिनचा दिवा बघा. इंजिन सुरू करण्याआधी तो पेटायलाच हवा. पेटलाच नाही, तर ईसीएमला बहुधा करंटच पोचत नाही: फ्यूज आणि मेन रिले तपासा. तेही ठीक असतील, तर सेन्सरला जाणारा 5 व्होल्टचा पुरवठा मोजा. एखादा सेन्सर किंवा त्याची सोललेली वायर आतून शॉर्ट असेल, तर ती एकटी सगळा पुरवठा खाली ओढते आणि धडधाकट ईसीएम मेल्यासारखा वाटतो. अशा वेळी सेन्सरचे प्लग एकेक करून काढत जा. ज्याचा प्लग काढताच 5 व्होल्ट परत आले, चोर तोच किंवा त्याची वायर. ईसीएमचा मोठा कनेक्टरही उघडून बघा. पिनांवर हिरवट थर दिसला, तर पाणी शिरलंय.

स्कॅनरवर आलेला कोड म्हणजे निकाल नव्हे. पी-0642 आला तर सेन्सरचा पुरवठा पडलाय, म्हणजे आधी वायर आणि सेन्सर. पी-0606 आला तर ईसीएमच्या आतल्या प्रोसेसरवर संशय घ्यायला जागा आहे, पण तेव्हाही करंट आणि अर्थिंग आधी तपासायचं. कोडचा आकडा कागदावर लिहून घ्या, नुसतं ‘फॉल्ट आहे’ यावर समाधान मानू नका.

एवढं करूनही ईसीएमच गेल्याचं ठरलं, तर तो जरूर बदला. आधी वॉरंटीचे कागद काढा. मुदत शिल्लक असेल तर बाहेर पेटी उघडू देऊ नका. नव्या ईसीएमचा पार्ट नंबर जुन्याशी ताडून बघा. दिसायला सारखे ईसीएम वेगवेगळ्या मॉडेलचे असू शकतात. नवा बसवल्यावर त्यात गाडीचं सॉफ्टवेअर आणि चासी नंबर भरावा लागतो, बऱ्याच इंजिनांत प्रत्येक इंजेक्टरवर छापलेला कोड टाकावा लागतो, आणि इमोबिलायझर असेल तर चावी जुळवावी लागते. हे न करता नुसता प्लग जोडला, तर गाडी सुरूच होत नाही किंवा धूर सोडत अडखळते. भंगारातला ईसीएम स्वस्त दिसतो, पण त्यात दुसऱ्याच गाडीची माहिती असते. तो घ्यायचाच असेल तर ती माहिती बदलून, गाडी चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. जुना ईसीएम मात्र मागून घ्या.

बिघाड होऊच नये म्हणून तीन पथ्यं पाळा. हौद्याला जाळी, फाळका किंवा कॅरिअर वेल्डिंग करण्याआधी बॅटरीची मायनस वायर काढा आणि ईसीएमचा प्लगही सोडवा. बॅटरी उतरली म्हणून मोठ्या ट्रकच्या 24 व्होल्टवरून जम्प घेऊ नका. आणि वॉशिंगला इंजिनमध्ये प्रेशरचं पाणी मारू देऊ नका.

आता पैशाचं बोलू. स्वतःची गाडी स्वतः चालवून पोट भरणारा माणूस व्यावसायिक गाडी असली तरी ग्राहकच असतो, असं ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मानतो. बिल न देणं ही त्याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. फसवणूक झाली तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोला किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे. पण हातात कागद हवा: पार्ट नंबर, वॉरंटी आणि तारीख लिहिलेलं पक्कं बिल.

प्रामाणिक मेकॅनिक मीटर लावून दाखवायला कधी कचरत नाही. त्याला तपासणीचे पैसे वेगळे द्या, तो त्याच्या कष्टाचा मोबदला आहे. मीटर दाखवायला जो नकार देतो, त्याच्याकडून ईसीएम बदलून घेऊ नका. गाडी टो करून दुसरीकडे न्या.