फावला वेळ कुणाचा?

‘गृहिणींनो, फावल्या वेळात घरबसल्या कमवा!’ अशी जाहिरात आपल्यापैकी बहुतेकींच्या फोनवर येऊन गेली असेल. काही वर्षांपूर्वी आमच्या सोलापुरातल्या मंडळाने विडी कामगारांच्या वस्तीत मुली-सुनांसाठी संगणकाचा वर्ग काढला, तेव्हा आमच्या पत्रकावरही जवळजवळ हेच वाक्य होते. ते मीच लिहिले होते. त्या वाक्यात काय चुकले, हे मला एका विडी वळणाऱ्या बाईने शिकवले. तेच आज मैत्रिणींपुढे मांडते आहे.

वर्गातून शिकून गेलेली एक सून इंटरनेटवरून सुटी कामे घेऊ लागली. आवाजाच्या फिती ऐकून त्या मराठीत उतरवायच्या. फितीच्या तासाला 300 रुपये. ऐकायला बरे वाटते. पण एका तासाची फीत नीट उतरवायला तिला चार-पाच तास लागत. मधली कंपनी 20 टक्के कापून घेई. हातात पडत 240 रुपये. म्हणजे कामाच्या तासाला 50-60 रुपये, आणि तेही काम मिळाले तर. काम शोधण्यात, नमुना परीक्षा देण्यात, समोरच्याच्या निरोपाची वाट पाहण्यात गेलेला वेळ यात धरलेलाच नाही.

हे सगळे ती रात्री करायची. भांडी झाली, मुले झोपली, सासऱ्यांचे औषध झाले, की दहाला बसायची ती एकपर्यंत. सकाळी पाचला नळ येतो. यातला फावला वेळ कोणता? तो तिने झोपेतून चोरलेला वेळ होता.

एकदा आठ दिवसांचे काम तिने पाठवले. ‘अचूकता कमी आहे’ एवढे एका ओळीचे उत्तर आले. पैसे नाहीत. काय चुकले ते सांगितले नाही, उतरवलेला मजकूरही परत केला नाही. ती मंडळात येऊन रडली. बरोबर सासूबाई आल्या होत्या. उभा जन्म त्यांनी विड्या वळल्या. त्यांनी सगळे शांतपणे ऐकले आणि मला म्हणाल्या, ‘म्हणजे छाटच की हो ताई. आमची विडी बाद म्हणून बाजूला काढायचे. पैसे कापायचे, पण विडी काही परत द्यायचे नाहीत. ती विकायचेच.’

ज्यांना विडीचा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कारखानदार पान, तंबाखू, दोरा देतो. बाई घरी विड्या वळते आणि हजारावर मजुरी घेते. माल तपासताना ज्या विड्या नापसंत होतात, ती छाट. छाटीची मजुरी नाही. कष्ट तिचे, जागा तिची, दिवाबत्ती तिची, आणि माल पसंत की नापसंत हे ठरवणार तो. आता आपल्या सुनेचे काम पाहा. वीज तिची, फोन तिचा, इंटरनेटचा खर्च तिचा, डोळे तिचे. पसंत-नापसंत ठरवणार तो. फरक इतकाच, की विडीच्या कारखान्याला निदान दार होते. तिथे जाऊन बायकांना ओरडता येत होते.

आणि बायका ओरडल्या म्हणूनच पुढचे घडले. कारखानदारांचे म्हणणे कायम एकच असे : या आमच्या कामगार नाहीत, घरी बसून सवडीने वळतात, आमचा त्यांच्यावर ताबा नाही. 1966 साली विडी आणि सिगार कामगारांचा कायदा झाला आणि घरी विड्या वळणारी बाई कामगार ठरली. त्या कायद्याखालच्या महाराष्ट्राच्या नियमांत छाटीचाही उल्लेख आला. साधारणपणे शंभरात पाचापेक्षा जास्त विड्या बाद करू नयेत, अशी मर्यादा पडली. पुढे भविष्य निर्वाह निधीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. 1985 साली न्यायालयाने सांगितले, की घरी काम करणाऱ्यांनाही तो निधी लागू आहे. कारण काय दिले? माल नाकारण्याचा हक्क ज्याच्या हाती आहे, त्याचा कामावर ताबा आहे. सासूबाईंनी जिच्याबद्दल तक्रार केली तीच छाट मालकाच्या मालकपणाचा पुरावा ठरली.

हा धडा आजच्या या नव्या घरकामाला लावून पाहायला हवा. 2018 साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने इंटरनेटवरची छोटी सुटी कामे करणाऱ्या 75 देशांतल्या 3,500 कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पैसे मिळणाऱ्या दर तासामागे त्यांची सरासरी 20 मिनिटे बिनपैशाच्या खटपटीत जात होती. दहातल्या जवळजवळ नऊजणांचे काम कधी ना कधी नाकारले गेले होते किंवा पैसे अडवले गेले होते. म्हणजे आपल्या सुनेचे रडणे हे तिच्या एकटीच्या नशिबाचे किंवा कमी शिक्षणाचे नव्हते. ती या धंद्याची रीत आहे.

मग कायदा काय म्हणतो? 2020 ची सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तिच्यात गिग कामगार हा शब्द प्रथमच आला. काम जुळवून देणाऱ्या कंपन्यांनी आपल्या वार्षिक उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम, पण कामगारांना दिलेल्या पैशांच्या 5 टक्क्यांहून जास्त नाही, कामगारांच्या सुरक्षा निधीत भरायची आहे. हे पाऊल लहान नाही, त्याचा फायदा करून घेतलाच पाहिजे. पण गिग कामगाराची व्याख्याच अशी केली आहे, की तो मालक-नोकर या नेहमीच्या नात्याबाहेरचा. निधीतून उद्या विमा मिळेल. पण तासाला किमान किती पैसे आणि छाटीला मर्यादा किती, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. विडीवाल्या बायकांनी जे दार ढकलून उघडले, ते त्यांच्या सुनांसाठी पुन्हा लोटून घेतले आहे.

काहीजणी म्हणतील, ही कामे वाईटच असतील तर बायकांना करू नका म्हणून सांगा. ते मला मान्य नाही. त्या सुनेला मी विचारले, सोडतेस का? ती म्हणाली, ‘नाही ताई. मुलीच्या शाळेची फी मी भरली. कुणाकडे हात पसरला नाही.’ जिला घराबाहेर पडू देत नाहीत, जिचे मूल लहान आहे, जिला अपंगत्व आहे, तिला हा पैसा मोलाचा आहे. आपण शहाणपणाच्या गोष्टी सांगून तो तिच्या हातून काढून घेऊ नये. आपल्याला बोलायचे आहे ते कामाच्या अटींबद्दल.

काहीजणी म्हणतील, मालक परदेशात बसलेला, त्याचे तोंडही दिसत नाही, भांडायचे कुणाशी? हाच प्रश्न 1972 साली अहमदाबादेत ‘सेवा’ची कामगार संघटना म्हणून नोंदणी करताना सरकारी खात्याने इलाबेन भट्ट यांना विचारला होता. तुमच्या बायकांना मालकच नाही, मग संघटना कुणाविरुद्ध? त्यांचे उत्तर होते, संघटना कुणाविरुद्ध असावीच लागते असे नाही, ती कामगारांच्या एकीसाठी असते. नोंदणी झाली. आपल्याला सुरुवात तिथूनच करायची आहे.

पहिले म्हणजे, आपल्या पत्रकांतून ‘फावला वेळ’ आणि ‘जोडकमाई’ हे शब्द काढून टाकू. 2019 च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे वेळ जात होता, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांचा 97 मिनिटे. ज्या घरात हे असे आहे, तिथे बाईला फावला वेळ आहे असे म्हणणे हीच थट्टा आहे. काम फावल्या वेळातले म्हटले, की त्याची मजुरीही फावलीच ठरते.

दुसरे, प्रत्येकीने वही घालावी. काम कुणाचे, शोधायला किती वेळ, करायला किती, कापले किती, छाट किती, हातात किती. एकीची वही म्हणजे कुरकुर. पन्नासजणींच्या वह्या एकत्र ठेवल्या तर तो पुरावा होतो. निदान ‘या कामाचे इतक्याखाली घ्यायचे नाही’ एवढे तरी ठरवता येते. बंगळूरची ‘कार्या’ ही संस्था भारतीय भाषांतल्या अशाच कामाला ताशी किमान 5 डॉलर देत असल्याचे 2023 मध्ये प्रसिद्ध झाले होते. तेव्हा परवडत नाही ही सबब नेहमीच खरी नसते.

तिसरे, खाते कुणाच्या नावावर आहे ते विचारा. आमच्या वर्गातल्या कितीतरी जणींचे काम त्यांचे, पण कंपनीकडची नोंद आणि बँकेचे खाते नवऱ्याचे किंवा दिराचे निघाले. कंपनीच्या लेखी कामगार तोच. उद्या निधीतून काही मिळाले तरी तेही त्यालाच.

चौथे, फसवणूक ओळखा. काम देण्याआधी जो पैसे मागतो तो काम देणारा नव्हे. फॉर्म भरण्याचे काम देऊन मग ‘करार मोडला, कोर्टाची नोटीस येईल’ म्हणून पैसे उकळणारेही आहेत. बायका अब्रूला भिऊन गुपचूप भरतात. भरू नका, मंडळात या. पैसे गेलेच तर लगेच 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवा.

जून 2025 मध्ये जिनिव्हाच्या श्रम परिषदेत अशा कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय करार करायचा, असे ठरले. करार होईल. पण घरी बसून काम करणाऱ्यांसाठीचा 1996 चा करारही असाच झाला होता आणि आपल्या देशाने तो मान्य केलेला नाही. तेव्हा जिनिव्हाकडे डोळे लावून बसण्यात अर्थ नाही.

आमच्या मंडळाचे नवे पत्रक निघाले आहे. त्यावर लिहिले आहे : ‘घरी बसून काम करणाऱ्या बायकांची बैठक, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी. वही घेऊन यावे.’ पहिल्या बैठकीला अकराजणी आल्या. सासूबाई बाराव्या. आपले जुने विडीचे पासबुक त्या मुद्दाम बरोबर घेऊन आल्या होत्या. हिशोब कसा ठेवायचा ते सुनांना दाखवायला.