चेंडू त्यांचा, मैदान कोणाचे?

परदेशी पाहुणे येतात, वस्तीतल्या पोरांना रंगीत जर्सी वाटतात, त्यांच्याबरोबर पाच मिनिटे चेंडू लाथाडतात, छायाचित्रे निघतात आणि रात्रीच्या विमानाने मंडळी परत जातात. ‘खेळातून युवकविकास’ आणि ‘आंतरराष्ट्रीय भागीदारी’ या शब्दांचा अर्थ आपल्याकडे बहुधा एवढाच लावला जातो. त्यांची टिंगल करणे सोपे आहे. पण अर्धी हयात बँकेत गेल्यामुळे मला एक खोड जडली आहे. कोणताही व्यवहार समोर आला की त्याच्या दोन्ही बाजू पाहायच्या. एकाने नुसते द्यायचे आणि दुसऱ्याने नुसते घ्यायचे, याला दान म्हणावे. भागीदारी म्हणायची तर घेणाऱ्याच्या नावावरही काही जमा दिसले पाहिजे.

नैरोबीतल्या मथारे या झोपडपट्टीत ते दिसते. बॉब मन्रो या कॅनेडियन गृहस्थाने 1987 साली तिथल्या मुलांसाठी फुटबॉलची लीग सुरू केली. गृहस्थ पर्यावरण धोरणाचे सल्लागार. त्यामुळेच की काय, लीगचा गुणतक्ता त्यांनी जगावेगळा मांडला. सामना जिंकला तर 3 गुण. आणि संघाने मिळून वस्तीतला कचरा उचलला, तुंबलेली गटारे मोकळी केली तर 6. म्हणजे मैदानात मार खाणाऱ्या संघालाही फावड्याच्या जोरावर वर सरकता येते! पुढे पंचगिरी, प्रशिक्षण, सामन्यांची आखणी ही कामे मुलेच करू लागली. कारभारी समित्यांवर त्यांच्यातूनच निवडणूक होऊ लागली. चांगले काम करणाऱ्याला शिष्यवृत्ती मिळते, ती थेट शाळेत भरली जाते. नॉर्वेतून पैसा आला, मथारेचे संघ ऑस्लोच्या नॉर्वे चषकात खेळून आले. त्यांच्यातूनच उभा राहिलेला मथारे युनायटेड हा क्लब 2008 साली केनियाचा लीगविजेता झाला. मला मात्र या विजेतेपदापेक्षा ते 6 गुण मोठे वाटतात. नॉर्वेचा पैसा यायच्या आधी पोरांची स्वतःची ठेव खात्यात पडलेली होती.

यावर एक आक्षेप घेता येईल, आणि तो खोटा नाही. पालिकेचे काम पोरांकडून फुकटात करून घ्यायचे काय? शिवाय आपल्याकडे कचरा कोणी उचलायचा, या प्रश्नाला जातीचा वास आहे. मथारेचा नियम उचलून धारावीत चिकटवला तर त्याचा अर्थच पालटेल. नियम तिथल्या मातीतूनच यायला हवा.

तसा तो कोलंबियातल्या मेडेलिन शहरात आला. 1994 च्या विश्वचषकात आंद्रेस एस्कोबार या खेळाडूकडून स्वतःच्याच संघावर गोल झाला आणि काही दिवसांतच मेडेलिनमध्ये गोळ्या घालून त्याचा खून झाला. टोळीयुद्धाने पोखरलेल्या त्याच शहरात युर्गेन ग्रीसबेक नावाचा जर्मन तरुण त्या वेळी शिकत होता. या खुनानंतर तिथे जो खेळ उभा राहिला त्यात पंच नाही. मुले-मुली एकाच संघात. पहिला गोल मुलीने करायचा. नियम खेळाआधी दोन्ही संघांनी बोलून ठरवायचे आणि खेळ संपल्यावर पुन्हा बसून, कोण कसे वागले याचे गुण आपसात ठरवायचे. ही पद्धत पुढे जर्मनीत गेली आणि तिथून जगभर पसरली. म्हणजे इथे देणारे मेडेलिन आणि घेणारे युरोप. आपल्या मदतीच्या कल्पनेत ही नोंद बसत नाही, कारण गरिबाकडे देण्यासारखे काही असते हेच आपण धरून चालत नाही.

आपले नागपूर याच हिशेबात मोडते. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001 साली पावसात फुटकी बादली लाथाडणारी पोरे पाहिली आणि झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला. 2022 च्या ‘झुंड’मुळे ही कथा घरोघर पोचली. ‘स्लम सॉकर’चे खेळाडू बेघरांच्या विश्वचषकापर्यंत गेले. 2003 मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात सुरू झालेल्या या स्पर्धेचा एक नियम आहे: खेळाडूला आयुष्यात एकदाच भाग घेता येतो. वरवर कठोर, पण फार शहाणा नियम! परदेशवारीचा धंदा होत नाही आणि परत आल्यावर काय, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून समोर उभा असतो. नागपूरच्या काहींनी त्याचे उत्तर इथेच प्रशिक्षक होऊन दिले. 2016 साली फिफाने संस्थेला विविधता पुरस्कार दिला, तोही मग उपरा वाटत नाही.

एका सरकारी योजनेत म्हशींसाठी कर्जे वाटली जात, ते दिवस आठवतात. म्हैस घेतली की उद्दिष्ट पुरे. चारा कुठून येणार, दुधाला गिऱ्हाईक कोण, हे विचारायला अर्जात रकानाच नव्हता. जर्सीवाटपाच्या अर्जातही तो नसतो. चेंडू, बूट, प्रशिक्षक, विमानाचे तिकीट, सगळे बाहेरून येऊ शकते. मैदान येत नाही. ते आपल्याच शहरात असावे लागते, आणि आपल्या शहरांत ते लग्नाच्या मांडवाला, प्रदर्शनाला, गाड्या उभ्या करायला आधी मिळते. पोरांची पाळी शेवटी.

तेव्हा यापुढे कुणी परदेशी संस्था करारमदार घेऊन आली, तर आपल्या मंडळींनी कागदावर दोन कलमे सर्वांत वर घालावीत. मैदान कोणते, आठवड्यातून किती संध्याकाळी आणि कोणत्या सालापर्यंत पोरांसाठी राखलेले, याखाली महापालिकेची सही. आणि कारभारी समितीत विशीच्या आतले किती, त्यात मुली किती, त्यांची नावे. जर्सीचा रंग कोणता हे त्यानंतर निवांत ठरवता येईल.