आठ बाइट पुरेत की!

"यूडीपी? त्याचा काय भरवसा!" असं म्हणून नाक मुरडणाऱ्यांनो, जरा थांबा. जॉन पोस्टेलने १९८० साली अवघ्या तीन पानांत हा प्रोटोकॉल मांडला. हेडर फक्त ८ बाइटचा: दोन पोर्ट, लांबी, चेकसम. संपलं! टीसीपीला किमान २० लागतात.

यात अनुक्रमांक नाही, पोचपावती नाही, मान्य. पण व्हिडिओ कॉलमध्ये उशिरा आलेलं पॅकेट हरवल्यातच जमा. ते पुन्हा मागवून करायचं काय? भरवसा कुठे, किती हवा, हे अ‍ॅप्लिकेशनलाच कळतं. २०२१ साली प्रमाणित झालेलं क्विक बघा: याच ८ बाइटांवर उभं, पोचपावत्या मात्र स्वतःच सांभाळतं.

तेव्हा "पुढेमागे लागेल" म्हणून हेडरमध्ये फील्ड कोंबू नका राव. त्याचं भाडं प्रत्येक पॅकेटला भरावं लागतं!