दाढेलाही बेणेप्रक्रिया हवी



या पत्रिकेतून आम्ही नेहमी लागण, खोडवा, हुमणी आणि पाचट यांविषयी लिहितो. या वेळी विषय मुलांच्या दातांचा आहे. ऊस विकास अधिकाऱ्याला दातांची उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. पण ज्या घरात ऊस पिकतो त्याच घरातल्या मुलाची दाढ किडत असेल, तर त्याबद्दल बोलणे आमचेही काम आहे, असे आम्हांस वाटते.

गेल्या दिवाळीत आम्ही माळशेज घाट उतरून कल्याणमार्गे डोंबिवलीला थोरल्या बंधूंकडे गेलो होतो. आपल्या भागातल्या अनेक घरांचे असेच आहे. एक भाऊ उसात, दुसरा ठाणे-कल्याणच्या लोकलमध्ये. बंधूंची मुलगी आणि आमचा मुलगा, दोघेही अकरा वर्षांचे. फराळाला बसल्यावर आमचा मुलगा चकली एकाच बाजूने चावत होता, कारण दुसऱ्या बाजूची खालची दाढ आदल्या उन्हाळ्यात काढावी लागली होती. पुतणीच्या चारही दाढा शाबूत. आम्ही वहिनींना विचारले. त्या म्हणाल्या, "भाऊजी, ती सात वर्षांची असतानाच ठाण्याच्या डॉक्टरांकडून दाढांच्या खाचा बुजवून घेतल्या. कीड लागायच्या आधीच."

आम्ही गप्प बसलो. आमच्या मुलाची ती दाढ दुधाची समजून 'पडेल आपोआप' म्हणत आम्ही दोन वर्षे घालवली होती. गावोगाव बेणेप्रक्रियेचे व्याख्यान देत हिंडणारे आम्ही, स्वतःच्या घरात मात्र कीड आत शिरल्यावर जागे झालो.

हीच चूक घरोघरी होते, म्हणून नीट सांगतो. साधारण सहाव्या वर्षी मुलाच्या दुधाच्या दाढांच्या मागे नवी दाढ येते. तिच्या जागी आधीचा दात नसतो, दुधाचा एकही दात त्यासाठी पडत नाही. त्यामुळे ती आलेली घरात कोणाला कळतच नाही. पण ही दाढ कायमची. ती गेली की तिच्या जागी दुसरी उगवत नाही. अशीच पुढची दाढ बाराव्या वर्षाच्या सुमारास येते.

या दाढांच्या माथ्यावर बारीक, खोल खाचा असतात. काही खाचा इतक्या अरुंद की ब्रशचा केससुद्धा आत जात नाही. तिथे अन्न अडकते, तोंडातले जंतू त्यातली साखर खाऊन आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात पोखरते. खोडकीड जशी बाहेरून दिसत नाही, पोंगा वाळल्यावरच कळते, तसेच हे. ठणका लागेपर्यंत आतले काम झालेले असते.

उपाय सोपा आहे. त्याला सीलंट म्हणतात. डॉक्टर दाढ स्वच्छ करतात, तिच्यावर थोडा वेळ सौम्य आम्ल लावून धुतात, कोरडी करतात, मग खाचांत पातळ राळेसारखा पदार्थ सोडतात आणि निळ्या उजेडाने तो कडक करतात. भूल नाही, सुई नाही, कोरणे नाही. दाढ पुरती कोरडी ठेवता येत नसेल तर ग्लास आयनोमर नावाचा दुसरा पदार्थ वापरतात. ही काल-परवाची टूम नव्हे. आम्ल लावल्याने दातावर राळ घट्ट धरते, हे अमेरिकेतील रॉचेस्टरच्या डॉ. मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ साली दाखवले आणि १९७० च्या दशकात सीलंट वापरात आले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या सांगण्यानुसार मागच्या दातांची कीड सीलंटमुळे पहिली दोन वर्षे ८० टक्के आणि चार वर्षांपर्यंत ५० टक्के टळते.

मात्र बेणे बुडवले म्हणून कोणी खुरपणी सोडत नाही. सीलंट झिजते, कधी निघते, म्हणून दर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने दाखवावे लागते. दोन दातांमधल्या फटीत ते काही करत नाही. सकाळी आणि रात्री झोपताना फ्लोराइडची पेस्ट लावून घासणे चुकत नाही. आणि मिश्री म्हणजे दात घासणे नव्हे. ती जाळलेली तंबाखूच आहे. आजीने लावली तरी नातवंडांच्या हाती ती देऊ नये.

आता अवघड जागेकडे येऊ. साखर कारखान्याच्या पत्रिकेत साखरेची बदनामी कशाला, असे काही सभासद म्हणतील. आम्ही म्हणतो, आपणच खरे बोलावे. दात किडण्यामागे साखर आहे हे लपून राहिलेले नाही. स्वीडनमध्ये व्हिपेहोल्म येथे केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष १९५४ साली प्रसिद्ध झाले. रुग्णालयातल्या मतिमंद रुग्णांवर केलेला तो प्रयोग माणुसकीला धरून नव्हता, पण त्यातून एक गोष्ट दिसली: जेवणाबरोबर खाल्लेल्या साखरेपेक्षा मधल्या वेळी पुनःपुन्हा खाल्लेले चिकट गोड दातांना फार जास्त घातक. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत असावी, ५ टक्क्यांच्या आत असेल तर अधिक चांगले. मोठ्या माणसाला ५ टक्के म्हणजे सहा चमचे. गुळाला आणि काकवीला यातून माफी नाही. तेव्हा गोड जेवणात खावे, दिवसभर चघळू नये, ऊस खाल्ला तरी चूळ भरावी. एवढ्याने आपले गाळप कमी होणार नाही.

शासनाची सोयही आहे, आपण वापरत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशातली सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. त्यातली पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांना तपासतात. दातांची कीडही त्यांच्या यादीत आहे. पण पथक किडलेला दात शोधते, आणि आपल्याला तो किडायच्या आधी गाठायचा आहे. ज्यांची मुले ठाणे-डोंबिवलीत आहेत त्यांनी मुंबईत सेंट जॉर्जेस आवारातले शासकीय दंत महाविद्यालय किंवा मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय येथे चौकशी करावी. नगरकडच्यांना लोणीचे ग्रामीण दंत महाविद्यालय आहे. सहकारी साखर कारखानदारीची वाट ज्या प्रवरा परिसराने दाखवली, त्याच परिसराने तेही उभे केले. ही गोष्ट आपल्या संचालक मंडळाने ध्यानात घ्यावी.

आमची मागणी दोन ओळींची आहे. कारखान्याच्या आरोग्य शिबिरात डोळे आणि रक्तदाब यांच्याबरोबर सहा ते आठ आणि बारा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या दाढा तपासून सीलंट करून द्यावे. आणि त्या रांगेत तोडणी मजुरांची मुलेही उभी असावीत. गावच्या शाळेत पथक येते तेव्हा ते पोर आपल्या फडावर, कोपीत असते. आपला ऊस तोडायला आलेल्या माणसाच्या मुलाला आपल्याच साखरेने दाढदुखी द्यावी आणि उपचार मात्र गावाकडे बघ म्हणावे, हे सहकाराला शोभत नाही.

शिबिर होईल तेव्हा होईल. आज रात्री मुलाला उजेडात बसवा, तोंड उघडायला सांगा आणि सर्वांत मागची दाढ बघा. ती दुधाची नाही. बेणे बुडवायला दहा-पंधरा मिनिटे लागतात, एका दाढेला त्याहून जास्त लागत नाहीत. आम्ही ती मिनिटे काढली नाहीत. तुम्ही काढा.