उच्चार कोणाचा धरावा?
जुन्नरच्या लेण्यांतील ब्राह्मी शिलालेखांत ज्या यवन दानकर्त्यांची नावे कोरलेली आहेत, त्यांपैकी ‘इरिल’ हे नाव मूळचे कोणत्या भाषेतले, याविषयी पंडितांचे अद्याप एकमत नाही. कारण ध्वनिलिपी कितीही निर्दोष असली तरी लिहिणाऱ्याच्या कानाला जेवढे गवसले तेवढेच ती टिपून ठेवते. इंग्रजीसाठी अशी लिपी रचावी म्हणून १९५० साली निवर्तलेल्या बर्नार्ड शॉने आपल्या मृत्युपत्रात खास तरतूद केली होती, आणि प्रमाण उच्चार कोणाचा, हा बिकट सवाल त्याने पाचव्या जॉर्ज बादशहाचा दाखला देऊन निकालात काढला (डब्लिनमध्ये जन्मलेल्या माणसाने हे करावे, हा विनोद त्याच्याच नाटकात शोभला असता!), परंतु त्या लिपीत त्याचे एक नाटक १९६२ साली छापून निघाले, तरी व्यवहारात तिचा अंमल कधी बसलाच नाही. याउलट नारायणगाव, मंचर वा घोडेगावच्या पेठेत दुकानांच्या पाट्या रंगविणाऱ्या पेंटरास कोणाचीही सनद लागत नाही: ‘मोटार’ या शब्दाच्या अखेरचा जो ‘र’ लंडनकर गिळून टाकतो आणि स्कॉटलंडचा मनुष्य ठणकावून उच्चारतो, तो हा गृहस्थ निःसंकोच लिहितो, इंग्रजांच्या जिभेवर मुळात नसलेला मूर्धन्य ‘ट’ही बिनदिक्कत योजतो, आणि हिंदी मुलखातली ‘बैंक’ त्याच्या कुंचल्याखाली चंद्र धारण करून ‘बँक’ होते. देवनागरीत इंग्रजी शब्द लिहावेत ते मराठी माणूस उच्चारतो तसेच. त्याविरुद्ध लंडनच्या दरबारी कोणी फिर्याद गुदरलीच, तर ती बेलाशक खारीज करावी.