ग्राफिक्स कार्ड घेण्यापूर्वी

भंडाऱ्यात पितळेचे भांडे वाजवून घेतात. ग्राफिक्स कार्ड वाजवून कळत नाही. मुलगा खेळांसाठी दहा वर्षांच्या जुन्या संगणकात नवे कार्ड मागतो, तेव्हा वडील किंमत विचारतात. विचारावयास हवे ते विजेचे. मदरबोर्डवरील खाचेतून कार्डास जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. २०१९ चे जीटीएक्स १६५० बहुधा तेवढ्यावर भागवते. त्याहून भारी कार्डास एसएमपीएसपासून वेगळी तार लागते, आणि थकलेला एसएमपीएस ऐन खेळात संगणक बंद पाडू शकतो. मग तोही बदलणे आले. वापरलेले स्वस्त कार्डही जपून घ्यावे: सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचे मायनिंग थांबले आणि अहोरात्र राबलेली कार्डे विक्रीस आली. आपल्याकडील उन्हाळ्यात प्रथम पंख्यातील धूळ काढून पाहावी. कधीकधी अडखळणारा खेळ तेवढ्यानेच सुरळीत होतो, आणि मागणी दिवाळीच्या वहीपूजनापर्यंत पुढे जाते.